तिसऱ्या माणसाची दाढ

तिला सगळे कवळीताई म्हणत. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिथे बसून चौतीस वर्षं ती दुसऱ्यांचे दात बनवत होती. पुढे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घ्यायचे आणि ते माप मधल्या खिडकीतून आत यायचं. कवळीताई त्यात प्लास्टर ओतायची, घट्ट झालं की साचा सोडवायची, साच्यावर मेणाची हिरडी चढवायची आणि त्या हिरडीत एकेक दात बसवायची. पेशंटचा चेहरा तिला क्वचितच दिसायचा. पण रस्त्यात कोणी अनोळखी म्हातारा हसला की ती थबकायची. हे आपलेच दात! नवरा सगळ्यांना सांगायचा, ‘आमच्या बाईसाहेबांनी मला पसंत केलं तेव्हा आधी तोंड उघडायला लावलं, चेहरा नंतर पाहिला.’ नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा दूर नोकरीला होता. खोलीतल्या फळीवर शंभरेक जबड्यांचे साचे ओळीनं मांडलेले होते. ती म्हणायची, ‘एवढी माणसं असताना मला एकटं कशाला वाटेल?’

त्या दिवशी प्लास्टर कालवण्याआधी तिने टेबलावर जुना पेपर अंथरला आणि बातमी तिच्या नजरेस पडली. डोंगरातला पाण्याचा जुना बोगदा रुंद करताना बंद केलेला भाग उघडला होता. आत माणसांचे सांगाडे सापडले होते. तिने भांडं बाजूला ठेवलं. भांड्यातलं प्लास्टर तसंच दगड होऊन बसलं, पण बातमी वाचून झाल्याशिवाय ती उठली नाही.

एक्कावन्न वर्षांपूर्वी तो बोगदा खोदताना छत कोसळलं, तेव्हा ती सात वर्षांची होती. त्या पाळीच्या हजेरीपत्रकात नऊ नावं होती. सात जणांची प्रेतं बाहेर काढली. दोघांपर्यंत पोहोचताच येईना, म्हणून शेवटी तो भाग काँक्रीट ओतून बंद केला. आता उघडला तेव्हा आत दोघं असायला हवे होते. निघाले तीन. दोघांच्या घरच्यांचा पत्ता लागला होता. तिसरा कोण, ते कोणालाच सांगता येईना. त्या काळात कोणाचा माणूस हरवला असेल तर प्रयोगशाळेशी संपर्क साधा, असं खाली छापलं होतं.

कवळीताईचा मामा त्या बोगद्यात सुरुंग भरायच्या कामावर होता. ज्या आठवड्यात छत कोसळलं त्याच आठवड्यात तो नाहीसा झाला. हजेरीपत्रकात त्याचं नाव नव्हतं, म्हणजे तो आत नव्हताच. त्याच आठवड्यात कामावरच्या कॅन्टीनमधली स्वयंपाकीणही गाव सोडून गेली. मग काय, लोकांनी दोन आणि दोन चार केले. बायको आणि एक वर्षाचं पोर टाकून पळाला म्हणाले. मामीनंही तेच मानलं. एकट्या कवळीताईच्या आईनं नाही मानलं. ‘माझा भाऊ डोंगरात आहे,’ ती मरेपर्यंत म्हणत राहिली. नणंद-भावजयीत त्यावरून असं काही बिनसलं की मामीनं मुलाला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड केलं. येणं-जाणं तुटलं, बोलणंही तुटलं. आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

प्रयोगशाळेत तिला एक तिशीतली मुलगी भेटली. ती तिथली तज्ज्ञ होती. गळ्यात ओळखपत्र होतं आणि बोलणं मोजूनमापून. तिने कापसाची काडी पुढे केली तशी कवळीताईनं न सांगता बरोबर गाल ताणून धरला.

‘काकू, तुम्हाला सवय दिसतेय.’

‘जन्म तोंडातच गेला माझा.’

नमुना घेऊन झाल्यावर त्या मुलीने कागदावर नात्यांचा आराखडा काढला. वर आजी, खाली मामा आणि आई, आईखाली कवळीताई. ‘तुमच्या प्रत्येक पेशीत अक्षरांचं एक मोठं पुस्तक असतं. ते आई-बापांकडून निम्मं निम्मं येतं आणि दर पिढीला पत्त्यांसारखं पिसलं जातं. इतकी वर्षं ओलीत पडलेल्या हाडांतून ते आम्हाला धड वाचता येत नाही. पण त्याशिवाय मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारक्या पिशव्या असतात, पेशीत शेकड्यांनी. प्रत्येकीत एक छोटी चिठ्ठी, साडेसोळा हजार अक्षरांची. इतक्या प्रती असल्यामुळे काही ना काही शिल्लक राहतंच. आणि ही चिठ्ठी पिसली जात नाही. आई ती जवळपास जशीच्या तशी मुलांना देते.’

‘मुलांना म्हणजे मुलग्यांनासुद्धा?’

‘मुलग्यांनासुद्धा. पण ते पुढे देऊ शकत नाहीत. तुमच्या आजीने ती तुमच्या मामालाही दिली आणि आईलाही. आईकडून तुम्हाला आली. मामाकडून मात्र त्यांच्या मुलाला नाही.’

आपल्याला एकच मुलगा, हे कवळीताईच्या मनात आलं. म्हणजे आजीची चिठ्ठी आपल्या घरी येऊन थांबणार. आजीला तिने पाहिलंसुद्धा नव्हतं, तिचा फोटोही कुठे नव्हता. तरी क्षणभर तिला विचित्र वाटलं. वाईट नव्हे, नुसतं विचित्र. कोणाची तरी ठेव इतकी वर्षं आपण अंगात घेऊन फिरतोय आणि आपल्याला पत्ता नाही.

‘तुम्ही वाचणार कशातून? हाडातून?’ तिने विचारलं.

‘दाढेतून. हाडं भुसभुशीत झालीत. दाढ अजून टणक आहे.’

हे तिला समजावून सांगायची गरजच नव्हती. ‘मला बघू द्याल?’

मुलीने जरा विचार करून पडद्यावर जबड्याचा फोटो दाखवला. खालचे पुढचे दोन दात एकावर एक चढले होते. कवळीताईच्या आईचे तसेच होते. तिचे स्वतःचेही.

‘काकू, असे दात दहातल्या तीन-चार जणांचे असतात,’ मुलगी हळूच म्हणाली.

हे तर कवळीताईला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. 

सहा आठवड्यांनी निरोप आला. चिठ्ठी जुळली होती. जेवढी अक्षरं वाचता आली तेवढी सगळी. कवळीताईच्या तोंडून ‘आई गं!’ एवढंच निघालं. पण मुलीने तिला थांबवलं. ‘पूर्ण ऐका, काकू. ही चिठ्ठी आपल्या भागात पुष्कळांकडे आहे. तीस माणसं उभी केली तर एकाकडे निघेल. तो तुमचा मामा असू शकतो, एवढंच मी आज म्हणू शकते. आहेच, असं नाही. त्यासाठी दुसरी बाजू हवी, बापाकडची. वाय गुणसूत्र म्हणजे त्या मोठ्या पुस्तकातलं न पिसलं जाणारं एक पान, ते बाप फक्त मुलाला देतो; त्यातलं थोडं वाचता आलं तरी चालेल. मामांचा मुलगा आहे ना?’

‘आहे,’ कवळीताई म्हणाली. ‘पण तो माझ्याशी बोलत नाही.’

मामेभाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. त्याच्या कंपनीत विचारून ती एका सात मजली इमारतीपाशी पोहोचली. दारावर ‘लिफ्ट बंद’ अशी पाटी होती. सातही जिने चढून ती गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेली तेव्हा तिला धाप लागली होती. तो मोटारीशेजारी उकिडवा बसून दोराला वंगण देत होता. बावन्न वर्षांचा, केस पिकलेला, हात कोपरापर्यंत काळे.

‘बाई, लिफ्ट बंद आहे. पाटी वाचली नाही का?’

‘वाचली. म्हणूनच कळलं, तू वर असणार. मी तुझ्या आत्याची मुलगी.’

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. तिने सगळं सांगितलं. बोगदा, तीन सांगाडे, दाढ, चिठ्ठी. त्याने वंगणाचा डबा बंद केला. मग म्हणाला, ‘ताई, तुमचा मामा असेल तो. माझा कोणी नाही.’

‘असं कसं म्हणतोस? फक्त गालातून काडी फिरवायची आहे. दुखतसुद्धा नाही.’

‘दुखण्याचं कोण बोलतंय?’ त्याचा आवाज चढला. ‘आईनं त्याच्या नावानं शिव्या देत मला वाढवलं. शाळेत पोरं म्हणायची, बाप पळपुटा. मीही म्हणायचो, आहेच पळपुटा. आता समजा तो तिथेच मेला. मग आम्ही एवढी वर्षं कोणाला शिव्या घातल्या? त्या शिव्या मी आता कुठे नेऊन ठेवू?’

बोलताना त्याचा खालचा ओठ दुमडला आणि तिला त्याचे खालचे दात दिसले. तेही एकावर एक चढलेले. तिने जीभ आवरली. ती जिन्याकडे वळली. सात जिने उतरताना तिचे गुडघे चांगलेच बोलू लागले.

आठवडाभरानं डॉक्टरांनी मधल्या खिडकीतून डोकं आत घातलं. ‘ताई, एक आजी आल्यात. कवळी मोडलीय म्हणतात. तुम्हीच हव्यात त्यांना.’

बाकावर एक म्हातारी रुमालाची पुरचुंडी मांडीवर घेऊन बसली होती. तोंडाचं पार बोळकं झालेलं. चाळीस वर्षांत पाहिली नव्हती, तरी कवळीताईनं तिला बसण्यावरून ओळखलं.

‘मामी.’

‘ओळखलंस. बरं झालं. तू माझ्या पोराकडे गेली होतीस म्हणे.’ दातांशिवाय तिचे शब्द फुसफुसत होते. ‘ते राहू दे. आधी ही बघ.’

कवळीताईनं पुरचुंडी सोडली. वरची कवळी जुनी झाली की मधोमध तडकते. चावून चावून तिथेच तिचा जोर जातो. ही डाव्या बाजूला तीन तुकडे होऊन फुटली होती, आणि एका तुकड्यावर काहीतरी जड आदळल्याचा पांढरा ठिपका होता.

‘पडली का?’

‘पडली.’

‘किती वेळा?’

मामीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. मग तिचं बोळकं हलकेच उघडलं आणि ती आवाज न करता हसली. कवळीताईलाही हसू आवरेना.

नवी कवळी म्हणजे चार खेपा. पहिल्या खेपेला माप. दुसऱ्या खेपेला तोंडात मेणाच्या कडा ठेवून जबडे कसे मिटतात ते पाहायचं. डॉक्टर म्हणाले, ‘तुमच्या घरच्याच पेशंट आहेत, तुम्हीच सांभाळा.’ तोंडात मेण असलं की माणसाला हलता येत नाही आणि भांडताही येत नाही. कवळीताईनं ती संधी साधली. मामीची हनुवटी बोटांनी स्थिर धरून तिने प्रयोगशाळेतलं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मामीचे डोळे वर छताला लागले होते. तिने मान हलवली नाही, की डोळे मिटले नाहीत.

तिसऱ्या खेपेला मेणात बसवलेले दात घालून बघायचे होते. मामीनं आरशात पाहिलं, दात काढून हातात घेतले आणि एकदम बोलू लागली.

‘त्याची सुट्टी होती त्या दिवशी. पोराला ताप. दोन दिवस माझा डोळ्याला डोळा नव्हता. आणि हा दारात बसून शीळ घालतोय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घरात बसून माझा जीव खाऊ नकोस, जा कुठे जायचं तिथे. उठला आणि गेला. टोपीपण घेतली नाही.’

‘मग?’

‘मग काय? डोंगराकडे गेला असणार. कोणाला तरी हात कमी पडत असेल, म्हणाला असेल, चल, मीपण येतो आत. असाच होता तो. दुसऱ्याचं काम अंगावर घेणारा.’ तिने मेणातले दात या हातातून त्या हातात घेतले. कवळीताईनं ते हळूच काढून घेतले, नाहीतर सगळे वाकडे झाले असते. ‘बाई घेऊन पळाला, असं लोक म्हणाले ना, तेव्हा मला पहिल्यांदा श्वास घेता आला. पळाला म्हणजे जिवंत आहे. पळाला म्हणजे त्याची चूक. तुझी आई रोज यायची आणि डोंगर डोंगर करायची. मला वाटायचं, हिला कळलंय. मीच त्याला हाकललं, हे हिला कळलंय आणि ही मला टोचतेय.’

‘आईला काहीच माहीत नव्हतं, मामी. तिला फक्त भाऊ हवा होता.’

मामीनं पदरानं तोंड पुसलं. पुढे डॉक्टरांच्या मशीनचा आवाज चालू होता. मग तिने विचारलं, ‘ती काडी माझ्या गालातून फिरवली तर चालेल?’

‘नाही चालणार. तुमच्याकडे त्यांचं काहीच नाही. मुलाकडेच आहे.’

‘हो तर,’ मामी म्हणाली. ‘माझ्याकडे कसं असेल?’

चौथ्या खेपेला मामी नवी कवळी घालून गेली, आणि दोन दिवसांनी मामेभाऊ तिला घेऊन प्रयोगशाळेत हजर झाला. कवळीताई आधीच दारात उभी होती. तज्ज्ञ मुलीने त्याच्यापुढे संमतीचा कागद ठेवला. तो त्याने शब्दन् शब्द वाचला आणि विचारलं, ‘आणि नाही जुळलं तर?’

खुर्चीत बसलेली मामी नव्या कवळीतून खणखणीत आवाजात म्हणाली, ‘न जुळायला काय झालं? तुझा बाप तोच आहे. मला विचार की!’

तज्ज्ञ मुलीला हसू लपवायला फाइल तोंडापुढे धरावी लागली. भाऊ कानापर्यंत लाल झाला आणि त्याने तोंड उघडलं.

निकालाला दोन महिने लागले. पहिल्यांदा दाढेतून पुरेसं निघालं नाही, म्हणून दुसरी दाढ घ्यावी लागली. या काळात भाऊ दवाखान्यात दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा आईच्या कवळीची टोचणारी कड घासून घ्यायला. दुसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं. फळीवरचे साचे बघत उभा राहिला आणि म्हणाला, ‘तुम्हाला तो आठवतो का?’

कवळीताईनं खूप आठवून पाहिलं. ‘बोटांना पिवळा रंग असायचा. सुरुंगाच्या दारूचा. मला उचलायच्या आधी हात पाठीमागे पुसायचा.’

‘एवढंच?’

‘सात वर्षांची होते रे.’

तो मान हलवून गेला. पण जाताना पहिल्यांदा म्हणाला, ‘येतो गं, ताई.’

तिघांना एकत्र बोलावलं तेव्हा तज्ज्ञ मुलीने नेहमीसारखं सावकाश सांगितलं. बापाकडच्या बाजूची तेवीस ठिकाणं तपासली. सतरा वाचता आली. सतराही जुळली. ‘यावरून एवढंच कळतं की दोघं एकाच बापाच्या वंशातले. काका असते तरी असंच आलं असतं.’

‘त्यांना भाऊ नव्हता. चुलतेही नव्हते,’ कवळीताई म्हणाली.

‘माहीत आहे, मी नोंदी काढल्या. म्हणूनच सांगतेय. आईकडची बाजू जुळते, बापाकडची जुळते, जागा जुळते, वय जुळतं. मी सही करते आहे.’

मामी खुर्चीत पुढे सरकली. ‘म्हणजे तोच?’

‘तेच आहेत, आजी.’

‘त्याला वेळ लागला का?’

हा प्रश्न मुलीला लगेच कळला नाही. कळल्यावर तिने कागद पुन्हा पाहिले, धीर देण्यापुरतं काहीतरी बोलून मोकळी झाली नाही. ‘डोक्यावर एकच मार आहे, मागून. फार मोठा. मला वाटत नाही त्यांना काही कळलं असेल.’

मामीनं मान हलवली. मग मुलाकडे वळून, दवाखान्यात भाचीला सांगितलं होतं ते सगळं, सुट्टी, ताप, जीव खाऊ नकोस, जसंच्या तसं त्याला सांगितलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने एकदा आईकडे आणि एकदा टेबलाकडे पाहिलं, आणि उठून तो बाहेर निघून गेला. मामी दाराकडे बघत बसली. कवळीताईनं तिचा हात धरला. आपली आई आज इथे हवी होती, असं तिला फार वाटलं. आपलं खरं ठरलं म्हणून नव्हे. मामीला ‘मला काही माहीत नव्हतं गं’ हे तिनं स्वतः सांगायला हवं होतं.

दहा मिनिटांनी भाऊ परत आला. हातात पाण्याचा ग्लास होता. त्याने तो आईपुढे धरला. ‘घे. आणि ताप मला होता ना? मग त्या चुकीत माझाही वाटा धर.’ एवढंच बोलून तो बसला. मामी पाणी प्यायली. अर्धं पदरावर सांडलं.

पुढचं सगळं कचेऱ्यांतलं. नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, एक्कावन्न वर्षं उशिरा मृत्यूची नोंद करायला वेगळा अर्ज लागतो, आणि तो अर्ज संपलाय. भावानं तीन चकरा मारल्या. चौथ्या खेपेला अर्ज मिळाला. मिळालेलं जे काही होतं ते लहानशा पेटीत घालून तिघांनी मातीआड केलं. फारसं कोणी नव्हतं. ती तज्ज्ञ मुलगी सुट्टी काढून आली आणि मागे उभी राहिली.

बोगद्याच्या तोंडाशी नऊ नावांचा दगड होता. त्यावर दहावं नाव कोरायला भावानं परवानगी मिळवली. पण दगडावर जागा उरली नव्हती. कोरणाऱ्यानं ते अगदी खाली, बाकीच्यांपेक्षा बारीक अक्षरांत बसवलं. भावानं लिफ्टच्या कामातली, पातळी बघायची पाणसळ काढून अक्षरांखाली धरली आणि त्याचा पारा चढला. ‘ओळ तिरकी आहे. हे काय काम झालं? पुन्हा करून घेणार मी.’

‘दगडावर पुन्हा कसं करणार?’ कवळीताई म्हणाली.

मामी दोघांच्या मधून पुढे झाली. गुडघ्यांवर हात टेकून वाकली, कारण नाव फारच खाली होतं. तिनं ते मोठ्यानं वाचलं. एकदा वाचलं, मग जरा थांबून पुन्हा एकदा. भावानं पाणसळ खिशात घातली.

‘स्पष्ट आहे की,’ मामी सरळ होत म्हणाली. ‘चला आता. माझे पाय भरून आलेत.’